रामदासराव आणि खोटा सी

रामदासराव ओव्हाळांनी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण त्यांनी कुठल्या कागदावर 'हो' असं लिहिल्याचं कुणाला दाखवता यायचं नाही. 'नाही' असंही दाखवता यायचं नाही. सापडेल ते एवढंच : 'मार्गदर्शनार्थ सादर.' खडकवासल्याच्या पाण्याच्या नोंदी ठेवणारं एक कार्यालय होतं. तिथे फाइल त्यांच्या टेबलावर यायची, दोन दिवस गार व्हायची आणि वरच्या साहेबाकडे जायची. वरून काही गडगडत खाली आलंच, तर ते वाटेत भलत्याच कुणाच्या तरी डोक्यावर पडायचं. या पद्धतीने माणूस मोठा होत नाही, पण निवृत्त होतो. आणि धडधाकट निवृत्त होणं ही आपल्याकडे काही लहान गोष्ट नाही.

अशा माणसाने सदुसष्टाव्या वर्षी वारज्याच्या बुद्धविहारात, चाळीस माणसांसमोर, हातात माइक असताना 'हो' म्हटलं.

झालं असं, की रामदासरावांचे वडील संपतबाबा यांची जन्मशताब्दी आली होती. बाबा कालव्यावर चौकीदार होते. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि वस्तीत पहिली रात्रशाळा त्यांनीच सुरू केली. विहाराने त्यांच्यावर पुस्तिका काढायचं ठरवलं. समितीच्या अध्यक्षा शर्मिलाताई रणपिसे. ताई निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे निवृत्ती फक्त शाळेपुरती. त्यांनी विचारलं, "संपतबाबा बोलायचे काय सुंदर! ते कुणी लिहून ठेवलंय का हो?"

सभेत कुणालाच माहीत नव्हतं. बाबांचा एकुलता एक फोटो, तोही डोळे मिटलेला. आवाज कुठेच नाही.

"हो, मी ठेवलंय," रामदासराव म्हणाले. "शहाण्णव साली. बाबा सांगत होते, मी कॉम्प्युटरवर उतरवत होतो. अकरा रविवार."

टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांतच रामदासरावांनी माइक घाईने शेजारच्याच्या हातात दिला. कारण ते सगळं खरं असलं तरी एका फ्लॉपीवर होतं, ती फ्लॉपी एकोणतीस वर्षं त्यांनी उघडली नव्हती, आणि आपण तिच्यात नक्की काय लिहिलंय याची त्यांना जी पुसट आठवण होती ती काही चांगली नव्हती. कसली ते आठवत नव्हतं. नुसती 'चांगली नव्हती' एवढंच आठवत होतं. आठवणींत ही जात सगळ्यात वाईट.

फ्लॉपी पत्नीच्या, शालनताईंच्या लुगड्यांच्या पेटीत डांबरगोळ्यांच्या शेजारी निघाली. ती वाचायचं यंत्र शनिवार पेठेतल्या एका दुकानात होतं. काउंटरवर पाटी : 'फ्लॉपी वाचून मिळेल. आत काय निघेल याला आम्ही जबाबदार नाही.' पाटी वाचून रामदासराव तिथूनच परत फिरणार होते.

"वाचली जाईल ना?" त्यांनी विचारलं.

"देऊन बघा," दुकानदार म्हणाला.

"खराब नाही ना व्हायची?"

"एकोणतीस वर्षं पेटीत ठेवलीत तेव्हा विचारलंत का कुणाला?"

फाइल निघाली. पेनड्राइव्हवर आली. घरी लॅपटॉपवर उघडली तर पडद्यावर चौकोन, हसरे चेहरे, बाण आणि बदाम. पत्त्यांचा कॅट मिक्सरमधून काढावा तसं दिसत होतं. रामदासरावांनी लगेच मुलीला फोन लावला. निकिता आयटीत, राहायला खराडीला. म्हणजे गाव तेच, पण भेट फोनवरच.

"पप्पा, हे डॉसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातल्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलंय. काय होतं नाव?"

"लेखणी."

"हां. ते लेखणी आताच्या मशिनवर चालणारच नाही. एम्युलेटर टाकावा लागेल. म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्या आत एक खोटा जुना कॉम्प्युटर तयार करायचा. त्यात डॉस टाकायचं, डॉसमध्ये लेखणी टाकायची, लेखणीत बाबांची फाइल. मी सगळं पाठवते, इझी आहे. नाहीतर रविवारी मी येऊन करते."

'रविवारी येऊन करते' हे धरून ठेवलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शर्मिलाताईंना रामदासरावांनी सांगून ठेवलं होतं, की 'मी स्वतः करतोय'. भित्र्या माणसाला अब्रूही असते, हे लोक लक्षात घेत नाहीत. उलट त्याच्याकडे तेवढीच असते.

बुधवारी सकाळी अकराला, आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून ते बसले. शेजारी हिंदुराव आले होते. हिंदुराव म्हणजे वारजं जेव्हा खेडं होतं तेव्हापासूनचे वारज्याचे. बिल्डिंग उभी आहे ती यांच्या ज्वारीवर. त्यामुळे बिल्डिंगमधल्या कुठल्याही घरात ते न विचारता येतात, आपल्या रानात आल्यासारखे.

"ह्ये काय चाललंय, ओव्हाळसाहेब?"

"कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर घालतोय."

"कशापायी? ह्यो बिघडला का?"

"नाही हो. आतला खोटा आहे."

'खोटा' म्हटल्याबरोबर हिंदुराव खुर्ची घेऊन बसले. जमिनीच्या व्यवहारात आयुष्य गेलेल्या माणसाला तो शब्द नातेवाइकासारखा ओळखीचा असतो.

निकिताने पाठवलेली वस्तू उघडली. लॅपटॉपच्या पडद्यावर एक काळी चौकट उमटली. आत एक पांढरी रेघ उघडझाप करत होती. रामदासरावांनी धीर करून चौकटीवर क्लिक केलं, आणि माउसचा बाण नाहीसा झाला. म्हणजे आत गेला आणि बाहेरच येईना. माउस हलवावा तर काही हलत नाही. बाजूच्या बटणांवर जावं तर जायला बाण नाही. बंद करायला जो फुलीचा चौकोन असतो तो समोर दिसतोय, पण हात पोचत नाही. काचेपलीकडच्या फायर एक्स्टिंग्विशरसारखा.

"अटक झाली," हिंदुराव हळूच म्हणाले.

"कुणाला?"

"तुमाला. ती डिजिटल अटक म्हनत्यात ती हीच. माज्या साडूला झाली व्हती. आदी मशिन धरत्यात, मंग फोन येतो. आला तर उचलू नका."

आणि फोन वाजला.

दोघेही फोनकडे बघत बसले. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. रामदासरावांनी त्याच्यावर सोफ्यातली उशी ठेवली. हिंदुरावांनी वर दुसरी ठेवली. उशांखालून घोंगावल्यासारखा आवाज येत राहिला. आतून शालनताई भाजीचा हात पुसत आल्या, दोन उशा उचलल्या, नाव वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, शर्मिलाताई आहेत. पोलीस यांच्यापेक्षा बरे, पण तुम्ही उचला."

तोवर फोन थांबला होता आणि मेसेज आला होता : 'ओव्हाळभाऊ, चार वेळा फोन केला. आपण टाळत आहात असं दिसतं. रविवारी दहाला घरी येते. बाबांचं लिखाण दुपारी छापखान्यात द्यायचं आहे. नाही मिळालं तर ती पानं कोरी सोडू. जयभीम.'

कोरी पानं. रामदासरावांना डोळ्यांसमोर पुस्तिका दिसली : मुखपृष्ठावर डोळे मिटलेले बाबा, आत कोरी पानं, आणि खाली 'सौजन्य : रामदास ओव्हाळ.'

बाण कसा सोडवायचा ते निकिताने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. कीबोर्डवरची उजव्या हाताची कंट्रोल. दाबल्याबरोबर बाण बाहेर आला, काही झालंच नाही असा. "जामीन मिळाला," हिंदुराव म्हणाले आणि चहाला थांबले.

गुरुवारी डॉसची पहिली फ्लॉपी आत घातली. म्हणजे खरी नव्हे, फ्लॉपीचंही सोंगच. आणि मग ती वेळ आली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर आला. रामदासरावांनी तो तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. अर्थ असा : 'सावधान! सी ड्राइव्हवरचं सगळं कायमचं नष्ट होईल. पुढे जायचं का? वाय किंवा एन.'

चौतीस वर्षांत त्यांना कुणी असा थेट प्रश्न विचारला नव्हता. 'मार्गदर्शनार्थ सादर'चं बटण त्यांनी कीबोर्डवर शोधलं. नव्हतं.

सी ड्राइव्हवर काय नव्हतं! नातीचे दोनशे बारा फोटो. शालनताईंच्या महिला मंडळाची भीमगीतं. रामदासरावांचा नऊ वर्षांचा रक्तदाबाचा तक्ता, जो डॉक्टरांनी कधीच बघितला नव्हता. आणि हिंदुरावांच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, कारण हिंदुरावांचा स्वतःच्या पोरांवर विश्वास नव्हता.

त्यांनी निकिताला फोन लावला.

"पप्पा, वाय दाबा."

"सगळं नष्ट होईल म्हणतोय."

"तो तुमचा सी नाहीये. तो खोटा सी आहे."

"खोटा आहे तर नष्ट कशाला करायचा?"

"रिकामा आहे तो पप्पा! कोरा आहे!"

"कोरा आहे तर त्यात नष्ट होण्यासारखं काय आहे?"

"काही नाहीये!"

"मग तो असा धमकी दिल्यासारखा का विचारतोय?"

निकिताने एक मोठा श्वास घेतला. "कारण त्याला माहीत नाहीये तो खोटा आहे ते. त्याला वाटतंय तो खराच आहे. मला मीटिंग आहे पप्पा, बाय."

रामदासरावांनी फोन हळूच खाली ठेवला. खोटा आहे, हे एक वेळ चालेल. पण त्याला स्वतःला ते माहीत नाही, हे फार भयंकर होतं. असा एक साहेब त्यांना एकोणनव्वद साली होता. त्याने फार नुकसान केलं.

मग त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. फुलस्केप कागद घेतला, डाव्या बाजूला समास दुमडला आणि लिहिलं : 'विषय : सी ड्राइव्ह नष्ट करण्यास संबंधितांची संमती मिळणेबाबत.' खाली प्रस्तावना, कारणे, होणारे संभाव्य परिणाम (अ ते ई), आणि सह्यांचे तीन रकाने. लॅपटॉप तसाच प्रश्न विचारत उघडा ठेवला. झाकण लावलं आणि त्यालाच त्याने 'वाय' समजलं तर? तो आपणहून झोपी गेला तर, हाही प्रश्न होता. लॅपटॉपला चार्जर लावून त्याला रात्रभर जागाच ठेवला.

शुक्रवारी सकाळी कागद हिंदुरावांपुढे ठेवला.

"सही न्हाई करणार."

"नुसती संमती आहे हो."

"मागं येकदा नुसती संमती म्हनून सही केली, तर बिल्डरनं गोठा नेला. आत म्हैस व्हती. आज तितं जिम हाय." हिंदुराव उठले. "आन् माजे सातबारे गेले तर साहेब, आपली दोस्ती हाय, पर कोर्टात भेटू."

कोर्ट! रामदासराव सोफ्यावर बसले ते बसलेच. एका बाजूला कोर्ट, दुसऱ्या बाजूला शर्मिलाताई, आणि मध्ये एक काळा पडदा, ज्याला स्वतःबद्दल गैरसमज होता.

"अहो, ती सही माझी राहिलीय का?" शालनताई फडकं घेऊन आल्या होत्या. त्यांनी कागद वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ईसकट. मग घडी करून पदराला खोचला.

"तुमच्या आईला तुम्ही हो म्हणायला किती दिवस लावलेत, आठवतंय?"

"कशाला?"

"माझ्याशी लग्न करायला. पाच महिने. शेवटी बाबाच येऊन सुपारी फोडून गेले." असं म्हणून त्यांनी फडक्याच्याच हाताने वाय दाबला आणि वर एंटर दाबला. "मी केलं. बसवा माझ्यावर चौकशी."

रामदासरावांनी डोळे घट्ट मिटले. त्यांना नातीचा पहिला दात, दुसरा दात, मग दोनशे बारावा फोटो दिसला. डोळे उघडले तर पडद्यावर टक्केवारी सरकत होती. मोजून दोन मिनिटांत सगळं संपलं. त्यांनी उजवी कंट्रोल दाबली, फोटोंचं कपाट उघडलं. नात दात काढून हसत होती. सातबारेही जिथल्या तिथे होते. रक्तदाबाचा तक्ताही. त्यात त्यांनी त्या दिवसाची नोंद केली नाही. घाबरून आकडा किती वर गेलाय ते बघायची छाती नव्हती.

मग डॉसने दुसरी फ्लॉपी मागितली. मग तिसरी. प्रत्येक वेळी भाषा अशी, की जणू घरात पाहुणा बसलाय आणि पापड मागतोय. पण आता रामदासराव थोडे सरावले होते. शुक्रवारी दुपारी डॉस उभं राहिलं. 'सी' आणि पुढे एक बाण. बस, एवढंच. त्यांना त्या रिकाम्या पडद्याबद्दल माया दाटून आली. मग लेखणी सुरू केली, तर तिने विचारलं : 'परवाना क्रमांक?'

परवाना कार्यालयाचा होता. म्हणजे क्रमांक कार्यालयात.

शनिवारी तिथे चौकशीची एक खिडकी उघडी असते, ती रामदासरावांच्याच काळात सुरू झाली होती. खिडकीत शेफाली नावाची तरुण लिपिक बसली होती. बोलायला अतिशय नम्र. सरकारी कार्यालयात नम्र माणूस भेटला की समजावं, काम अवघड आहे.

"आपल्याला साठा नोंदवहीतला जुन्या सॉफ्टवेअरचा क्रमांक हवाय. आपण निवृत्त कर्मचारी. बरोबर? मग काका, एक परिपत्रक आहे, वाचून दाखवते. 'सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांनी कोणतीही नोंद पाहण्यासाठी तीन प्रतींत अर्ज करावा, व ज्या नोंदीची मागणी आहे तिची सत्यप्रत सोबत जोडावी.'"

"अहो, पण सत्यप्रत असती तर मी नोंद बघायला कशाला आलो असतो?"

"मलाही तेच वाटतं काका. पण असं आहे खरं. खाली सही आहे, रा. सं. ओव्हाळ." तिने मान वर केली. "आपण पण ओव्हाळच ना? कुणी नात्यातले का?"

"लांबचे," रामदासराव म्हणाले.

ते परिपत्रक त्यांनी दोन हजार नऊ साली काढलं होतं. एक निवृत्त गृहस्थ रोज येऊन डोकं खायचे, त्यांना 'नाही' न म्हणता तोडायला. ते गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत, तेव्हा रामदासरावांना फार समाधान वाटलं होतं. आता त्यांना त्या गृहस्थांचा चेहरा अगदी स्वच्छ आठवायला लागला.

ते निघाले. जिन्यापाशी कठड्याला धरून जरा उभे राहिले. मागून शेफाली पाण्याचा ग्लास घेऊन आली.

"काका, नोंद दाखवता येणार नाही. पण जिन्याखाली भंगार आहे. ते बघायला कुणाला बंदी नाही. त्यावर परिपत्रक निघालेलं नाही."

जिन्याखाली, तुटक्या खुर्च्यांच्या आणि कुठल्या तरी निवडणुकीच्या मतपेटीच्या मागे, प्लास्टिकची टोपी घातलेला तो जुना कॉम्प्युटर होता. बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर शाईने लिहिलेला लेखणीचा परवाना क्रमांक, सोळा अक्षरी. रामदासरावांच्या स्वतःच्या अक्षरात.

"हा अजून कसा राहिला इथे?"

"भंगारात काढायची फाइल एकोणीस वर्षं अडकलीय," शेफाली म्हणाली. "निर्णयच होईना. वर कुणीतरी 'मार्गदर्शनार्थ सादर' लिहून ठेवलंय, आणि मार्गदर्शन काही आलं नाही."

रामदासरावांनी क्रमांक उतरवून घेतला. पाणी प्यायले. ते 'कुणीतरी' कोण, हे न विचारता निघाले.

रविवारी दहाला शर्मिलाताई आल्या. दहाला म्हणजे दहाला. दाराच्या बेलवर आणि आकाशवाणीवर एकाच वेळी दहा वाजले. निकिता खराडीहून सकाळी नऊला निघून नुकतीच पोचली होती. हिंदुराव आपले सातबारे जिवंत आहेत का ते बघायला आले होते आणि खात्री पटल्यावरही बसून राहिले होते. शालनताईंनी पोहे केले. रामदासरावांना घास उतरेना. डॉस उभं होतं, क्रमांक लागला होता, लेखणी उघडली होती. आता फक्त एक फाइल उघडायची राहिली होती, आणि आता काल-परवाची सगळी भीती त्यांना लिंबूटिंबू वाटायला लागली. सी गेला असता तर फोटो गेले असते. फोटो परत काढता येतात, नात आहे. इथे बाबा नव्हते.

"आपण आज नको उघडू या का?" ते म्हणाले. "म्हणजे, एकदा मी एकटा बघून..."

"ओव्हाळभाऊ," शर्मिलाताई म्हणाल्या, "सरका."

निकिताने फाइल उघडली. निळ्या पडद्यावर जाडीभरडी, पायऱ्यापायऱ्यांची, पण मराठी अक्षरं उमटली. निकिता मोठ्याने वाचायला लागली.

"'विषय : श्री. संपत भिवा ओव्हाळ, कालवा चौकीदार (सेवानिवृत्त), यांचे जीवनवृत्त सादर करणेबाबत. संदर्भ : संबंधितांचे तोंडी कथन, रविवार, दिनांक ६ ऑक्टोबर १९९६ पासून.'"

आणि रामदासरावांना आठवलं. एकदम, सगळंच. ती जी वाईट आठवण होती ती हीच.

"'महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर इसमाचा जन्म सन १९२६ चे दरम्यान झाला असून त्याबाबत पुरावा उपलब्ध नाही. सदर इसमाचे बालपण समाधानकारक नव्हते.'" निकिता थांबली. "पप्पा?"

"पुढे वाच," शर्मिलाताई कोरड्या आवाजात म्हणाल्या.

"'त्यानंतर संबंधितांचा विवाह नियमानुसार पार पडला. त्यात उल्लेखनीय असे काही घडले नाही. सन १९५६ मध्ये संबंधितांनी नागपूर येथे जाऊन दीक्षा घेतली व ते परत आले. सन १९६१ च्या पुरात संबंधितांची एक शेळी (मादी), एक पत्र्याची पेटी व घर वाहून गेल्याचे निदर्शनास आले.'"

पोह्यांच्या ताटल्यांत चमचे थांबले. हिंदुराव खिडकीबाहेर बघायला लागले. दुसऱ्याच्या घरात चोरी उघडी पडली की सभ्य माणूस बघतो तसे.

"ओव्हाळभाऊ, हे बाबांचं बोलणं?" शर्मिलाताईंनी चष्मा काढला. "बाबा असे बोलायचे?"

"मला दुसरं लिहिताच येत नव्हतं हो," रामदासराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. "ते बोलायचे, मला हसू यायचं, कधी रडू यायचं... आणि ऑफिसचा कॉम्प्युटर, तोही साहेबाच्या केबिनमधला, रविवारी न विचारता उघडलेला. उद्या कुणी साहेबाने उघडून बघितलं असतं तर? म्हणून जरा... नीट करून लिहिलं."

अकरा रविवार बाबा बोलले होते, आणि त्यांनी अकरा रविवार बाबांना नीट करून टाकलं होतं. आता कोरी पानंच बरी, असं त्यांना वाटलं. कोरी पानं निदान काही बोलत नाहीत.

"थांबा," निकिता म्हणाली. तिने पडदा खाली सरकवला होता. "इथे काहीतरी वेगळं आहे. 'या टप्प्यावर कथनकर्त्यांनी हरकत नोंदवली. नियमानुसार हरकत शब्दशः पुढीलप्रमाणे.'" ती अडखळली, मग अक्षर लावत वाचायला लागली. "'ए राम्या, तू माजं लिवतुयास का माज्यावर केस करतुयास?'"

शालनताईंनी तोंडावर पदर धरला.

कालव्याच्या पाण्याच्या सुनावणीत शेतकरी हरकत घ्यायचे. ती शब्दशः उतरवायची, एक अक्षर बदलायचं नाही, बदललं तर प्रकरण कोर्टात जातं, असा कार्यालयाचा दंडक होता. आणि कोर्टाला रामदासराव इतके घाबरायचे, की घरच्या बापाची हरकतसुद्धा त्यांनी कानामात्रा न बदलता टाइप केली होती.

"'हरकत क्रमांक दोन. उल्लेखनीय कसं न्हाई? तुजी आय मांडवातनं पळाली व्हती. कालव्याच्या कडंनं ती फुडं, मी मागं, माज्या मागं वाजंत्री, आन् त्ये यडं वाजवतंच व्हतं. धरली तर म्हनली, आदी साळंत घालतो म्हन, मंगच येते.'"

"सासूबाई!" शालनताई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"'हरकत क्रमांक तीन. नागपूर येका वळीत? आरं, जाताना माज्या पायात दुसऱ्याच्या चपला व्हत्या. पर परत आलो तवा चालनं माजं सोत्ताचं व्हतं.'"

"परत वाच," शर्मिलाताई म्हणाल्या. निकिताने परत वाचलं. ताईंनी पिशवीतून वही काढली, पण लिहिलं काहीच नाही, नुसती मांडीवर धरून बसल्या.

"'हरकत क्रमांक चार,'" निकिता वाचत होती आणि आता तिला आजोबांची लय सापडली होती, "'आस्सं! हरकत म्हनलं का तू शबुद न् शबुद लिवतोस व्हय? मंग ऐक. आजपासनं माजी सगळ्यालाच हरकत हाय. जल्मापासनं. घे लिवून.'"

तिथून पुढे 'सदर इसम' फक्त वरच्या ओळीत यायचा, आणि लगेच खाली हरकत. एक पान हरकत, तीन पानं हरकत; निकिताने खाली सरकवून मोजल्या, सत्तेचाळीस. शेळीचं नाव, पुराच्या पाण्याचा वास, रात्रशाळेतला पहिला कंदील कुणाच्या घरून आला आणि कुणी देत नव्हतं, चौकीवर एकदा साप आणि साहेब एकदमच आले तेव्हा आधी कुणाला हाकललं, ते सगळं. हिंदुराव केव्हाचे खिडकी सोडून पडद्यापुढे आले होते. "आमचा आज्जा असाच बोलायचा," ते म्हणाले. "आसंच. त्येचं कुनी लिवलं न्हाई."

"हरकती तेवढ्या छापू," शर्मिलाताई म्हणाल्या. "सत्तेचाळीस आहेत ना? सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस."

"आणि माझं?" रामदासरावांनी विचारलं. विचारल्यावर त्यांना लाज वाटली, पण अकरा रविवार बोटं त्यांची दुखली होती.

"तुमचं गाळू," ताई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण 'घेतली कुणासमोर' ते लिहावं लागेल. हरकत हवेत घेत नाहीत कुणी."

निकिता शेवटच्या पानावर पोचली होती. "इथे प्रमाणपत्र आहे. 'वरील कथन लिपिकाने बिनचूक उतरविले असून कथनकर्त्यांस वाचून दाखविण्यात आले.' आणि खाली..." ती बापाकडे वळली. "तुम्ही वाचा पप्पा."

रामदासरावांनी चष्मा लावला. ओळ त्यांच्याच बोटांनी टाइप केलेली होती, पण ती त्यांना मुळीच आठवत नव्हती. वाईटच तेवढं लक्षात ठेवायची सवय, दुसरं काय.

"'हरकत क्रमांक सत्तेचाळीस,'" ते वाचायला लागले. "'बिनचूक न्हाई. पार इस्कोट केलाय. पर पोरगं भ्याड आसून बी अकरा आइतवार साहेबाच्या खुर्चीत बसलं, बापासाठनं. ह्ये बी लिव्ह.'"

खाली टाइपाची एकही खाडाखोड नसलेला शेरा होता : 'लिहिले.'